केस काढणे, फोटो काढणे

मराठीत केसही काढतात आणि फोटोही काढतात. हिंदीत फोटो 'खींचतात', गुजरातीत तो 'पाडतात', मराठीने मात्र डोक्यावरचे केस उतरवून टाकण्यासाठी आणि माणसाची छबी टिपून ठेवण्यासाठी एकच क्रियापद पत्करले आहे. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्ग जिथे सुरतहून बारडोली, नवापूरमार्गे धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला छेदतो, त्या कडोदरा गावाच्या चार रस्त्यावर ही तिन्ही क्रियापदे रोज कानावर पडतात. कारण कापडावर रंगाई-छपाई करणाऱ्या येथील गिरण्यांमध्ये गुजराती माणसाच्या जोडीला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातला आणि धुळे, नंदुरबार, जळगावकडचा कामगार आहे, आणि यांपैकी प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या कामासाठी 'पासपोर्ट साइज' फोटो लागतोच. गिरणीचा गेटपास, बँकेचे खाते, मुलाचा शाळाप्रवेश, भाड्याच्या खोलीचा करार अशी ती कामे असतात. परगावात माणसाची ओळख सांगायला भाऊबंद नसतात, तेव्हा ते काम कागदाला आणि त्यावर चिकटवलेल्या चेहऱ्याला करावे लागते.

या फोटोविषयी कार्यालयाची अपेक्षा आणि फोटो काढून घेणाऱ्याची अपेक्षा यांत मुळातच मेळ नसतो, आणि हा बेबनाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो केसांच्या बाबतीत. पारपत्राच्या फोटोसाठी जे आंतरराष्ट्रीय संकेत पाळले जातात, त्यांनुसार पार्श्वभूमी फिकट असावी, हनुवटीच्या टोकापासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कडांसह चेहरा मोकळा दिसावा, केस डोळ्यांवर येऊ नयेत आणि धार्मिक कारणाखेरीज डोके झाकलेले नसावे. थोडक्यात, कार्यालयाला केस अडचणीचे वाटतात. उलट कुठल्याही लहान स्टुडिओत स्टुलाजवळच्या भिंतीला एक आरसा आणि त्याच्याशेजारी एक कंगवा असतो, बहुधा सुतळीने बांधलेला, म्हणजे कोणी खिशात घालून नेऊ नये. आणि स्टुलावर बसण्यापूर्वीची दोन-तीन मिनिटे गिऱ्हाईक नाकाडोळ्यांकडे पाहत नाही, भांग नीट करण्यात घालवते. ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. नाक, डोळे, जिवणी ही आईबापांकडून मिळालेली असतात आणि त्यांच्यापुढे काही चालत नाही. संपूर्ण चेहऱ्यात माणसाला मनाप्रमाणे निर्णय घेता येतो तो केसांपुरताच. त्यामुळे फोटोत उतरलेले केस हा त्या दिवशी घेतलेल्या एका निर्णयाचा पुरावा असतो, आणि तो निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न केस आणि ओळख या विषयाच्या मुळाशी आहे.

निर्णय बदलता येतो, म्हणूनच पोलिसांचा आणि सरकारी दप्तरांचा केसांवर कधी विश्वास बसला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या पोलीस दलातील आल्फोन्स बर्तियों याने आरोपीचे एक समोरून आणि एक बाजूने असे दोन फोटो घेण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात बाजूच्या फोटोला महत्त्व होते ते कानामुळे. दाढी वाढवली, केस कापले, रंगवले तरी कानाची घडण बदलत नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि त्यासाठी कानावरचे केस मागे सारले जात. भारतात 1897 मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे केंद्र सुरू झाले आणि ओळखीचा भार चेहऱ्यावरून बोटांवर सरकला. आज आधार क्रमांकासाठी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. हा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला, म्हणजे कडोदऱ्याला कामगार पाठवणाऱ्या त्याच पट्ट्यात. या साऱ्या व्यवस्थेत केसांना काहीही किंमत नाही. चेहरा ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीसुद्धा सहसा डोळ्यांच्या जागा धरून चेहरा सरळ करून घेतात आणि भोवतालचा भाग कापून टाकतात.

माणसाचा डोळा मात्र यंत्राच्या वाटेने जात नाही. एलिस, शेफर्ड आणि डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिले की परिचिताचा चेहरा ओळखताना माणूस डोळे, नाक, तोंड या आतल्या अवयवांच्या आधारे चालतो, अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत मात्र केस, कपाळाची रेषा आणि डोक्याचा आकार यांना तो तुलनेने अधिक धरून असतो. 1996 मध्ये पवन सिन्हा आणि तोमासो पोज्जो यांनी याच धर्तीवर एक गमतीदार चित्र प्रसिद्ध केले. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपाध्यक्ष अल गोर शेजारी उभे आहेत असे ते वरवर दिसते, प्रत्यक्षात दोन्ही चेहऱ्यांवर डोळे, नाक आणि तोंड क्लिंटन यांचेच बसवलेले होते, दुसऱ्या चेहऱ्याभोवती केस आणि डोक्याची चौकट तेवढी गोर यांची ठेवली होती, आणि पाहणाऱ्याला त्यात सहजी गोर दिसत. कडोदऱ्यासारख्या गावात, जिथे निम्मे लोक एकमेकांना नव्याने भेटत असतात, या निष्कर्षांचा अर्थ सरळ आहे: कागद ज्याला कमी लेखतो, तीच गोष्ट गेटवरचा पहारेकरी आधी पाहतो.

फोटोग्राफी पश्चिम भारतात आली ती लवकर. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय हौशी तिच्यात वावरू लागले. पुढच्या दशकात विल्यम जॉन्सन याने मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, त्यांपैकी 1863 चा पहिला गुजरात, कच्छ आणि काठेवाडचा, तर 1866 चा दुसरा महाराष्ट्राचा होता. या खंडांत व्यक्तीची ओळख नव्हतीच, होते ते 'नमुने'. माणसांच्या आकृती निराळ्या फोटोंतून उचलून वेगळ्याच देखाव्यावर बसवलेल्या असत. पुरुषांचे केस त्यांत फारसे दिसत नाहीत, कारण डोईवर पागोटे, पगडी किंवा फेटा असे आणि त्याची बांधणीच जात, गाव व धंदा सांगून टाकी. खालच्या घेऱ्याविषयी, म्हणजे डोक्याभोवतालचे केस भादरून मध्ये राखलेल्या भागाविषयी, आणि शेंडीविषयी वाचकाने अंदाज बांधायचा. उघड्या डोक्याने, भांग पाडून फोटो काढून घेणारा सुशिक्षित मराठी पुरुष हा पुढच्या काळातला, आणि त्याचा तो भांग त्या काळी घरातल्या थोरांच्या डोळ्यांत खुपत असे, हे आज कोणाच्या लक्षातही येत नाही.

जुने फोटो वाचताना त्या काळच्या काचेचा, म्हणजे ज्यावर प्रतिमा उमटे त्या रासायनिक लेपाच्या काचेचा, स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. कलोडियन नावाच्या चिकट द्रावाचा लेप दिलेली ही काच निळ्या प्रकाशाला चटकन दाद देई आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी असे. शिवाय प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत, तेवढ्यात माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. सुटे केस या अवधीत भुरभुरले तर त्यांचा धूसर पट्टा व्हायचा, म्हणून घट्ट आंबाडा, चापून बसवलेली वेणी यांना यंत्राचीही पसंती होती. काळेभोर केस काचेवर एकच काळा गोळा होऊन येत, आणि त्या गोळ्याला आकार देई ती तेलाची चमक: भांगाच्या दोन्ही बाजूंना दिसणारी पांढुरकी रेघ हे त्या काळच्या स्त्रियांच्या फोटोंत केसांचे जवळजवळ एकमेव वर्णन असते. लाल रंगाविषयीच्या या आंधळेपणाचा परिणाम आणखी विलक्षण आहे. कपाळावरचे कुंकू फोटोत काळे उमटते. आणि ज्या विधवेचे केस काढून टाकलेले असत, तिच्या अंगावरचे लाल वस्त्र, ज्याला आलवण म्हणत, तेही गडद, जवळपास काळे दिसते. म्हणजे सौभाग्याची खूण आणि वैधव्याची खूण, या दोन्ही ज्या रंगाने सांगितल्या जात तो रंगच काचेने पुसून टाकला. उरला फरक तो केसांचा.

ब्राह्मण आणि काही अन्य जातींमध्ये नवरा वारल्यावर स्त्रीचे मुंडन करण्याची, म्हणजे केशवपनाची, चाल एकोणिसाव्या शतकात घट्ट रुजलेली होती. मुंडन झालेली ती 'सोवळी', न झालेली ती 'सकेशा', अशी शब्दांतही विभागणी होती, आणि सोवळीच्या हातचे पाणी देवाला चालते पण सकेशेच्या हातचे चालत नाही, असा उलटा न्याय स्वयंपाकघरापर्यंत पोचलेला होता. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे यांनी पुढे ग्रंथ तपासून या चालीला प्राचीन आधार नाही असा निर्वाळा दिला, परंतु तोवर कित्येक पिढ्या उलटून गेल्या होत्या. जुन्या मराठी कुटुंबांच्या समूहचित्रांत एका कडेला, बहुधा मुलांच्या रांगेमागे, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेली एखादी स्त्री बसलेली आढळते. बाकीच्या बायकांच्या पदराखाली आंबाड्याचा उंचवटा असतो, तिच्या पदराखाली तो नसतो. घरच्यांनी तिला फोटोत घेतले हेही एक प्रकारे औदार्यच समजले जात असावे. तिच्यापुरते बोलायचे तर केस काढण्याचा निर्णय तिचा नव्हता आणि फोटो काढण्याचाही नव्हता.

1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापायचे नाहीत असा निर्धार केला, त्याची जुळवाजुळव महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी केली. सुधारणेच्या इतिहासात या घटनेला एक वेगळेच मोल आहे: वाद ग्रंथांवरून आणि व्यासपीठांवरून चालू असताना, ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले होते. रमाबाईंचे स्वतःचे जे फोटो उपलब्ध आहेत त्यांत त्यांचे केस आखूड कापलेले आणि उघडे दिसतात, अंगावर पांढरे लुगडे असते आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे असते. हे केस सोवळीचे नाहीत, सकेशेचेही नाहीत; समाजाच्या दोन्ही रकान्यांत न बसणारे असे हे डोके आहे, आणि 1886 नंतर अमेरिकेत, हिंदू विधवेच्या स्थितीवर व्याख्याने देत हिंडणाऱ्या या बाईला प्रेक्षक आधी ओळखत असतील ते याच डोक्यावरून. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेसाठी वणवण फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी, मुंडन झालेल्या असूनही, वयाच्या प्रौढपणी केस वाढवले आणि त्यामागची आपली विचारसरणी 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात मांडली. फोटोंच्या दृष्टीने पाहिले तर ही एकाच व्यक्तीच्या ओळखीची दोन रूपे, आणि दुसरे रूप तिने स्वतः ठरवलेले.

याच काळातला एक फोटो जगभर परिचित आहे. 10 ऑक्टोबर 1885 ही तारीख असलेल्या या फोटोत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन जणी आहेत: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबुली. खाली तिघींची नावे आणि गावे आहेत. आनंदीबाईंच्या नावापुढे, त्या जिथून निघाल्या त्या बंगालमधल्या श्रीरामपूरचे नाव चुकीच्या स्पेलिंगने घातलेले आहे. तिघींनी आपापल्या देशीचा पोशाख मुद्दाम केलेला आहे आणि तिघींची केशरचना त्या पोशाखाबरोबर जाते. आनंदीबाईंचे केस मागे घट्ट बांधलेले आहेत. हा फोटो म्हणजे स्वतःला 'नमुना' म्हणून मांडणे आहे असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्यही आहे, कारण परक्या देशात अशी चित्रे पाहण्याची हौस होतीच. परंतु जॉन्सनच्या खंडांतल्या माणसांची नावे गळालेली आहेत, इथे ती छापलेली आहेत.

विसाव्या शतकात कॅमेरा गावोगावच्या स्टुडिओत पोचला आणि त्याबरोबर केसांचे तंत्रही आले. काळ्या पडद्यासमोर काळे केस बसवले की दोन्ही एकमेकांत मिसळून जातात आणि डोके कापल्यासारखे दिसते; म्हणून मागून, वरच्या अंगाने एक लहान दिवा डोक्यावर सोडतात, ज्याला धंद्यात हेअर लाइटच म्हणतात, आणि त्याने केसांच्या कडेला उजेडाची झालर येते. मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातील नागदा या कारखान्यांच्या गावात, म्हणजे कडोदऱ्याच्याच कुळीतल्या गावात, स्टुडिओंचा अभ्यास करून 1997 मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात एक निरीक्षण मोलाचे आहे: गिऱ्हाइकाला आपण जसे आहोत तसा फोटो नको असतो, आपण ज्या उत्तम रूपात दिसू शकतो तसा हवा असतो. व्यक्तित्व आणि चरित्र हे दोन शब्द त्या लोकांच्या बोलण्यातून त्यांनी उचलले. फोटोत येते ते व्यक्तित्व, म्हणजे बाहेरचे, बदलता येणारे. चरित्र आत राहते आणि त्यावर कॅमेऱ्याची मात्रा चालत नाही. केस हे अशा अर्थाने व्यक्तित्वाचे मुख्य भांडवल ठरतात. सिनेनटाचा कोंबडा, कल्ले, मानेवर रुळणारी झुलपे, हे सारे दोन दिवसांत उतरवता येणारे असते, फोटोत मात्र राहून जाते.

केसांचा फोटो म्हणजे चेहऱ्याचा फोटो, हे गृहीत मात्र सगळीकडे धरलेले नाही. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे (1930-2014) यांनी 1968 पासून आपल्या देशातील स्त्रियांच्या केशरचनांचे सुमारे एक हजार कृष्णधवल फोटो काढले आणि त्यांतले बहुतेक पाठीमागून घेतले. चेहरा नाही, तरी ओळख आहे: कोणत्या प्रसंगाची, कोणत्या प्रदेशाची, कोणाच्या हाताची ती गुंफण आहे हे जाणकाराला कळते. मराठी घरांतही याचे एक नातेवाईक चित्र सापडते. दक्षिणेत विशेष रूढ असलेली, पण इकडच्या जुन्या अल्बमांतही अधूनमधून आढळणारी ही तऱ्हा अशी, की नटवलेल्या मुलीला आरशाला पाठ करून किंवा तिरके बसवावे, म्हणजे समोर चेहरा आणि आरशात फुलांनी मढवलेली वेणी, असे दोन्ही एका काचेत येते. आज कोणाला हा फोटो बाळबोध वाटेल. पण एका चौकटीत माणसाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजू दाखवण्याचा हट्ट, जो युरोपातल्या चित्रकारांनी मोठ्या तात्त्विक गाजावाजाने केला, तो इथे एका गजऱ्यासाठी केलेला असतो.

कडोदऱ्यात आता फोटोसाठी स्टुडिओच लागतो असे नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि पार्श्वभूमी आपोआप धूसर करण्याची सोयही त्यात आहे. ही सोय कुठे फसते हे पाहण्यासारखे असते: गाल, खांदे, कान यांच्या कडा यंत्राला बिनचूक सापडतात, सुट्या बटांपाशी त्याचा गोंधळ उडतो आणि ते एकतर केस खाते किंवा मागची भिंत केसांत ओढून आणते. पासपोर्ट साइज फोटो संगणकावर तयार करणारा दुकानदार पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे असे भुरभुरते केस माउसने एकेक करून पुसतो. गिरणीत यंत्राजवळ वावरताना बांधून, टोपीखाली दाबून ठेवलेले केस इथे मोकळे होतात, विंचरले जातात आणि मग, चौकटीबाहेर गेले म्हणून, कापले जातात.

खानदेशातून येणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. वडील किंवा आई गेल्यावर तो गावी जातो, दिवस करतो आणि त्यात डोके भादरून घेतो. मग दोन आठवड्यांनी कामावर परततो तेव्हा कदाचित त्याच आठवड्यात पारपत्राचा अर्ज असतो, आणि कार्यालय कोणासाठी केस वाढेपर्यंत थांबत नाही. फोटो निघतो. केस दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. प्रौढाचे पारपत्र दहा वर्षे चालते, आणि तेवढी वर्षे विमानतळावरचा अधिकारी समोरच्या भांग पाडलेल्या माणसाकडे आणि कागदावरच्या तुळतुळीत डोक्याकडे आळीपाळीने पाहत राहतो.